संगणकीय हस्तलिखित

संगणकीय हस्तलिखित म्हणजे लेखकाने संगणक, लॅपटॉप अथवा तत्सम उपकरणावर टंकित करून फाइलच्या रूपात ठेवलेले साहित्यकृतीचे मूळ लेखन होय. जुन्या पोथ्यांची छायाचित्रे घेऊन तयार केलेल्या प्रती या संज्ञेत येत नाहीत, कारण त्यांचे मूळ कागदावर असते. संगणकीय हस्तलिखिताला असे कागदी मूळ नसते. फाइल नष्ट झाली किंवा वाचता येईनाशी झाली, तर लेखनही नाहीसे होते. त्यामुळे लेखनसाधनांची निवड, फाइलचे स्वरूप आणि राखीव प्रती (बॅकअप) ठेवण्याची पद्धत यांचा विचार एकत्रितपणे केला जातो.

संगणकीय हस्तलिखिताला असणारे धोके मुख्यतः तीन प्रकारचे आहेत : उपकरण बिघडणे, चोरीस जाणे किंवा आग व पुरात सापडणे, माणसाच्या हातून फाइल पुसली जाणे किंवा तिच्यावर दुसरी फाइल साठवली जाणे, आणि फाइल शाबूत असूनही तिची लिपी-संकेतप्रणाली, स्वरूप किंवा परवलीचा शब्द उपलब्ध नसल्याने ती वाचता न येणे. मराठी लेखनाच्या बाबतीत तिसरा धोका विशेष महत्त्वाचा ठरला आहे.

पार्श्वभूमी

लेखनाची एकच प्रत असणे किंवा सर्व प्रती एकाच ठिकाणी असणे किती धोक्याचे असते, याची उदाहरणे संगणकापूर्वीच्या काळातही आढळतात. १८३५ मध्ये टॉमस कार्लाइल यांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिल यांना वाचावयास दिले होते. तेथे ते चुकून जळाले आणि कार्लाइल यांना तो खंड पुन्हा लिहावा लागला. डिसेंबर १९२२ मध्ये पॅरिसच्या गार द लियाँ या रेल्वेस्थानकावरून अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या पत्नी हॅडली यांच्याजवळील बॅग चोरीस गेली. तीत हेमिंग्वे यांच्या तोवरच्या बहुतेक कथांची हस्तलिखिते होती आणि त्यांच्या कार्बन प्रतीही त्याच बॅगेत होत्या. त्या कथांपैकी एक संपादकाकडे पाठवलेली असल्याने वाचली. प्रती काढलेल्या असणे पुरेसे नसते, त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्या लागतात, हे या प्रसंगातून दिसते.

मराठीत प्रती करून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या व त्या तरून वर आल्या, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. म्हाइंभट यांनी तेराव्या शतकात संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. या ग्रंथाचे एकाहून अधिक पाठ उपलब्ध असण्याचे ते एक कारण मानले जाते. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे ग्रंथांचे रक्षण झाले, परंतु पंथाबाहेरच्या वाचकांना ते अनेक शतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यावर या साहित्याचा अभ्यास व्यापक प्रमाणावर सुरू झाला.

लेखनात संगणकाचा प्रवेश

यंत्राच्या साहाय्याने शब्दसंस्करण करून लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून लेन डेटन यांच्या 'बॉम्बर' (१९७०) या कादंबरीचा उल्लेख केला जातो. त्यांनी आयबीएम कंपनीचे चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारे टंकलेखन यंत्र वापरले होते. १९८० च्या दशकात वैयक्तिक संगणक आणि वर्डस्टार, वर्डपरफेक्ट यांसारख्या आज्ञावली लेखकांमध्ये रूढ झाल्या. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपण आजही डॉस प्रणालीवरील वर्डस्टार ४.० मध्ये, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर लिहितो, असे २०१४ मध्ये सांगितले होते.

भारतीय भाषांसाठी संगणक वापरता यावा, याकरिता १९८० च्या दशकात प्रयत्न सुरू झाले. भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' हा समान कळफलक आणि 'इस्की' ही संकेतप्रणाली तयार झाली. इस्कीला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) या संस्थेच्या 'जिस्ट' तंत्रज्ञानामुळे आणि पुण्यातच विकसित झालेल्या 'श्रीलिपी'सारख्या आज्ञावलींमुळे १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी मोठ्या प्रमाणावर संगणकावर आली. ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. मात्र घरगुती संगणकांवर युनिकोड मराठी सहज वापरता येऊ लागली ती विंडोज २००० आणि त्यानंतरच्या प्रणाल्यांमुळे.

साधनांची निवड

संगणकाची क्षमता

निव्वळ मजकूर लिहिण्यासाठी फार शक्तिशाली संगणक लागत नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रकारात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. त्या हिशेबाने सुमारे ८०,००० शब्दांची कादंबरी साध्या मजकुराच्या स्वरूपात अंदाजे दीड ते दोन मेगाबाइट इतकीच होते. अशा शेकडो कादंबऱ्या साध्या पेनड्राइव्हवर मावतात. त्यामुळे लेखकाच्या दृष्टीने प्रक्रियकाच्या वेगापेक्षा कळफलक, पडदा, साठवणसाधन आणि वीजपुरवठ्याची व्यवस्था या बाबी अधिक महत्त्वाच्या असतात. संदर्भासाठी अनेक पीडीएफ फायली व संकेतस्थळे एकाच वेळी उघडी ठेवावी लागत असल्यास पुरेशी रॅम असणे उपयुक्त ठरते.

कळफलक व पडदा

दीर्घकाळ टंकलेखन करणाऱ्यास लॅपटॉपच्या अंगच्या कळफलकापेक्षा स्वतंत्र कळफलक सोयीचा पडतो. लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक जोडलेले असल्याने एक तर मान वाकवावी लागते किंवा हात उचलून धरावे लागतात. स्वतंत्र कळफलक घेतल्यास पडदा डोळ्यांच्या पातळीवर ठेवता येतो. देवनागरीत वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांमुळे अक्षराचा आकार वर-खाली विस्तारतो. म्हणून मुद्रितशोधन करताना अक्षरे मोठी ठेवता येतील असा पडदा उपयोगी पडतो.

मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट, ध्वन्यात्मक (रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिण्याची) आणि जुन्या टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरील रेमिंग्टन या रचना प्रचलित आहेत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या व व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ही रचना विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणाल्यांत अंगभूत असल्याने संगणक बदलला तरी सवय बदलावी लागत नाही. ध्वन्यात्मक रचना शिकण्यास सोपी असली, तरी निरनिराळ्या आज्ञावलींत तिचे संकेत वेगवेगळे असतात.

साठवणसाधने

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये यांत्रिक भाग असल्याने ती पडल्यास किंवा धक्का बसल्यास निकामी होऊ शकते. सॉलिड स्टेट ड्राइव्ह (एसएसडी) वेगवान असते आणि धक्क्याने सहसा बिघडत नाही. परंतु ती अनेकदा पूर्वसूचना न देता बंद पडते आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणे बहुधा शक्य होत नाही. वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिल्यास एसएसडी व पेनड्राइव्हमधील विद्युतभार क्षीण होऊन माहिती खराब होऊ शकते. म्हणून पेनड्राइव्ह हे फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचे साधन मानले जाते. दीर्घकालीन जतनासाठी त्यावर विसंबणे योग्य समजले जात नाही. कोकण व गोव्यासारख्या दमट हवेच्या प्रदेशांत बाह्य डिस्क आर्द्रताशोषक पुड्यांसह बंद डब्यात ठेवणे हितावह असते.

वीजपुरवठा

मेजावरील संगणकाची वीज अचानक गेल्यास न साठवलेला मजकूर नाहीसा होतो आणि क्वचित उघडी फाइलही खराब होते. यूपीएसमुळे फाइल साठवून संगणक रीतसर बंद करण्याइतका अवधी मिळतो. लॅपटॉपची बॅटरी हेच काम करते. वीज पुन्हा येताना दाब अकस्मात वाढल्यास उपकरणांना इजा होऊ शकते. त्यामुळे राखीव प्रतीची बाह्य डिस्क काम झाल्यावर संगणकापासून विलग करण्याची पद्धत आहे.

फाइलचे स्वरूप

फाइल किती काळ वाचता येईल, हे ती कोणत्या स्वरूपात साठवली आहे यावर अवलंबून असते. एकाच कंपनीच्या आज्ञावलीत उघडणारी फाइल ती आज्ञावली बंद पडल्यावर अडचणीची ठरते. ज्यांचे तपशील जाहीर आहेत अशी खुली स्वरूपे दीर्घकालीन जतनासाठी श्रेयस्कर मानली जातात.

साधा मजकूर (टीएक्सटी) : यात ठळक, तिरपी अक्षरे किंवा तळटीपा राहत नाहीत, परंतु ही फाइल जवळजवळ कोणत्याही संगणकावर उघडते.

ओडीटी : लिबरऑफिससारख्या मुक्त आज्ञावलींचे स्वरूप. यास २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

डॉकएक्स : मायक्रोसॉफ्ट वर्डचे २००७ पासूनचे स्वरूप. प्रकाशन व्यवहारात सर्वाधिक प्रचलित. हेही २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

पीडीएफ/ए : दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये मानकीकृत झालेला पीडीएफचा प्रकार. यात फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत असतो, त्यामुळे पानाचे दृश्यरूप टिकते. मजकुरात पुढे बदल करण्यासाठी मात्र हे स्वरूप सोयीचे नाही.

एकाच लेखनाची एक संपादनयोग्य प्रत आणि एक साध्या मजकुराची प्रत ठेवल्यास स्वरूप कालबाह्य होण्याचा धोका बराच कमी होतो.

मराठी लेखनातील विशेष प्रश्न

युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच असे. विशिष्ट फॉन्टमुळे तो देवनागरी दिसे. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमधील अक्षरांची जागाही वेगवेगळी असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. १९९० च्या दशकातील आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील पुष्कळ मराठी पुस्तके, दिवाळी अंक व नियतकालिके यांच्या फायली या प्रकारच्या आहेत.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार, पहिली वेलांटी, अवतरणचिन्हे आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्द यांत चुका राहतात. त्यामुळे संपूर्ण मजकूर पुन्हा वाचून तपासावा लागतो. मूळ फॉन्टची फाइल हाती असेल तर हे काम सुकर होते. म्हणून जुन्या फायलींबरोबर त्या फॉन्टचे नाव व शक्य असल्यास फॉन्टही जपून ठेवणे आवश्यक असते.

दुसरी अडचण मुद्रणप्रक्रियेत उद्भवते. पेजमेकरसारख्या पानमांडणीच्या जुन्या आज्ञावलींना युनिकोड देवनागरी हाताळता येत नाही. त्यामुळे लेखकाने युनिकोडमध्ये दिलेला मजकूर अक्षरजुळणीच्या वेळी जुन्या प्रकारच्या फॉन्टमध्ये बदलला जातो आणि मुद्रितशोधनातील दुरुस्त्या त्याच फाइलमध्ये होतात. परिणामी पुस्तकाचा अंतिम, शुद्ध पाठ केवळ अक्षरजुळणीकाराकडे राहतो आणि लेखकाजवळची युनिकोड फाइल दुरुस्तीपूर्वीचीच असते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी किंवा ई-पुस्तक करताना ही तफावत लक्षात येते. पुस्तक छापून होताच अंतिम पाठाची युनिकोड प्रत करून घेणे, हा त्यावरील उपाय होय. जुन्या फॉन्टमधून तयार झालेली पीडीएफ डोळ्यांना वाचता येते, पण तीत मराठी शब्द शोधता येत नाहीत.

युनिकोडमध्येही काही अक्षरे एकाहून अधिक प्रकारे लिहिली जातात. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतील अर्धा र कधी 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून साधला जातो, तर कधी 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासून. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मधील युनिकोड ५.१ आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी ते 'अ'वर अर्धचंद्र देऊन लिहिले जाई. दिसायला सारखे असूनही असे शब्द शोधात एकमेकांशी जुळत नाहीत. दीर्घ ग्रंथात एकच पद्धत कटाक्षाने पाळल्यास शोध व सूचीकरण बिनचूक होते.

राखीव प्रती

३-२-१ नियम

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी प्रचलित केलेला '३-२-१' हा नियम सर्वत्र मान्यता पावला आहे. त्यानुसार प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ प्रत अन्य ठिकाणी असावी. लेखकाच्या बाबतीत संगणकावरील चालू फाइल, घरातील बाह्य डिस्कवरील प्रत आणि इंटरनेटवरील साठवणसेवेतील किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवलेली प्रत, अशी ही रचना असू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. अशा आपत्तीत संगणक आणि शेजारच्या कपाटातील डिस्क एकाच वेळी निकामी होतात. म्हणून तिसऱ्या प्रतीचे महत्त्व आहे.

समकालन आणि राखीव प्रत यांतील फरक

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या सेवा संगणकावरील फाइल आणि इंटरनेटवरील प्रत सतत एकसारखी ठेवतात. यास समकालन म्हणतात. संगणकावर फाइल पुसली किंवा चुकीचा मजकूर साठवला, तर तोच बदल इंटरनेटवरील प्रतीतही होतो. या सेवांत पुसलेली फाइल व जुन्या आवृत्त्या ठरावीक मुदतीपर्यंत परत मिळवता येतात, परंतु मुदत उलटल्यावर उपाय राहत नाही. त्यामुळे केवळ समकालनाला राखीव प्रत मानले जात नाही. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमधील 'टाइम मशीन' या सुविधा बाह्य डिस्कवर जुन्या आवृत्त्याही राखून ठेवतात.

आवृत्त्यांची नावे

'अंतिम', 'अंतिम नवी', 'शेवटची अंतिम' अशा नावांमुळे कोणती फाइल नवी हे काही महिन्यांनी कळेनासे होते. नावात वर्ष, महिना व दिवस या क्रमाने दिनांक दिल्यास फायली आपोआप कालानुक्रमे लागतात. रोज लेखन सुरू करताना नव्या दिनांकाची प्रत केल्यास वगळलेला परिच्छेद वा प्रकरण पुढे परत घेता येते.

प्रतीची पडताळणी

राखीव प्रत प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय ती सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतांश फायली एका चुकीच्या आज्ञेमुळे पुसल्या गेल्या. त्या वेळी राखीव प्रती घेणारी यंत्रणा काही काळापासून नीट चालत नसल्याचे उघड झाले. पर्यवेक्षक तंत्रदिग्दर्शक गॅलिन सुसमन घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती आणि तिच्या आधारे काम पूर्ववत करता आले. ठरावीक काळाने राखीव प्रतीतील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून ती शेवटपर्यंत वाचता येते का, हे पाहणे हा पडताळणीचा सोपा मार्ग आहे.

कागदी प्रत

पूर्ण झालेल्या मसुद्याची छापील प्रत हीही राखीव प्रतच असते. ती वाचण्यास कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही. लेझर मुद्रकाची छपाई पाण्याने सहसा पसरत नाही. इंकजेटची पसरू शकते. आम्लमुक्त कागद अधिक काळ टिकतो.

सुरक्षा व सांकेतिकीकरण

फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या आज्ञावली, म्हणजे रॅन्समवेअर, हा अलीकडचा धोका आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने जगभरातील संगणक बाधित केले होते. असे आक्रमण झाल्यास संगणकाला त्या क्षणी जोडलेली बाह्य डिस्कही सापडते. विलग ठेवलेली प्रत मात्र सुरक्षित राहते.

अप्रकाशित लेखन, मुलाखती किंवा खाजगी पत्रे असलेला लॅपटॉप चोरीस गेल्यास मजकूर परक्या हाती पडू नये, यासाठी बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट यांसारख्या सुविधांनी संपूर्ण डिस्क सांकेतिक करता येते. मात्र परवलीचा शब्द व पुनर्प्राप्तीची किल्ली दोन्ही हरवल्यास लेखकालाही ती उघडता येत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीचा उलगडा अभ्यासाने करता आला. आधुनिक सांकेतिकीकरणाच्या बाबतीत तशी शक्यता जवळजवळ नसते. त्यामुळे ही किल्ली कागदावर लिहून विश्वासू व्यक्तीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली जाते.

लेखकाच्या पश्चात

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कोणतीही डिस्क इतका काळ टिकेल अशी अपेक्षा नसते. सोनी कंपनीने १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीचे उत्पादन २०११ मध्ये थांबवले आणि आज ती वाचणारे यंत्रही सहसा आढळत नाही. म्हणून दर काही वर्षांनी फायली नव्या साधनावर उतरवून घेणे, हाच दीर्घकालीन जतनाचा मार्ग आहे. वारसांना प्रताधिकार मिळाला, तरी फायली कोठे आहेत व कशा उघडाव्यात हे ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ मध्ये खातेदाराच्या पश्चात नियुक्त व्यक्तीला खात्यातील माहिती मिळण्याची सोय केली. तथापि ही नियुक्ती खातेदाराने स्वतः आधी करून ठेवावी लागते.

याउलट आपले अपूर्ण लेखन नष्ट व्हावे, अशी इच्छाही लेखक व्यक्त करू शकतो. ब्रिटिश कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अपूर्ण लेखनाची हार्ड डिस्क ऑगस्ट २०१७ मध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. दोन्ही बाबतींत लेखकाची इच्छा लेखी स्वरूपात असणे महत्त्वाचे ठरते.

अभिलेखागारांतील जतन

कागदी हस्तलिखितांतील खाडाखोडीवरून अभ्यासकांना साहित्यकृतीच्या घडणीचा मागोवा घेता येतो. संगणकावर एकाच फाइलमध्ये बदल करीत गेल्यास ही खाडाखोड उरत नाही. निरनिराळ्या दिनांकांच्या प्रती राखल्यास ती टिकते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांबरोबर त्यांचे जुने ॲपल संगणकही जतन केले आहेत. २०१० मध्ये हा संग्रह अभ्यासकांना खुला झाला, तेव्हा त्यांपैकी एका संगणकाची हुबेहूब आभासी प्रतिकृती तयार करण्यात आली होती. तीत लेखकाच्या फायली, फोल्डर व आज्ञावली मूळ रूपात पाहता येतात.

हे सुद्धा पहा

युनिकोड
देवनागरी
इनस्क्रिप्ट
हस्तलिखित
प्रताधिकार